लॅपटॉपमधली कॅश खुशाल उडवा, यादीला मात्र हात लावू नका



कॅश म्हटलं की आपल्याला आधी गल्ला आठवतो. आज बोलायचंय ते दुसऱ्या कॅशबद्दल. वेबसाईट किंवा ॲप बनवणाऱ्याच्या लॅपटॉपमध्ये जी हळूहळू साठत जाते आणि एखाद दिवशी हट्टाला पेटते, ती कॅश. विषय तांत्रिक वाटेल. पण मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याकडे घरी राहून वेबसाईटची, ॲपची कामं घ्यायचं ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांच्यासाठी हा सरळ नफ्या-तोट्याचा विषय आहे. आणि तुम्ही स्वतः कोड लिहीत नसाल, पण होमस्टेचं बुकिंग नाहीतर हापूसच्या पेट्यांच्या ऑर्डरी साईटवरून घेत असाल, तरी शेवटपर्यंत वाचा. तुमच्यासाठी खाली वेगळा भाग आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. काहीही अडलं की "सगळं उडव आणि परत इन्स्टॉल कर" ही जी सवय पडलीय ना, ती छोट्या व्यावसायिकाला परवडणारी नाही. कॅश साफ करायला माझी काहीच हरकत नाही. हरकत आहे ती आंधळेपणाने साफ करण्याला. कारण त्या झाडलोटीत एक फाईल हमखास कचऱ्यात जाते, आणि खरं नुकसान ती फाईल गेल्याने होतं.

एक सूचना: कमांड इथे उच्चाराप्रमाणे मराठीत लिहिल्यात. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाका.

बेगमी आणि यादी

आजकाल कुठलंही ॲप कोणी शून्यापासून लिहीत नाही. कॅलेंडर दाखवायला एक तयार लायब्ररी, पेमेंटला दुसरी, फोटो लहान करायला तिसरी. आपला कोड या दुसऱ्यांच्या कोडवर अवलंबून असतो, म्हणून त्यांना डिपेंडन्सी म्हणतात. तुम्ही दहा-पंधरा मागवता, त्या प्रत्येकीला आणखी चार लागतात, त्या चारांना आणखी. बघता बघता आकडा काही शेंवर जातो. हे सगळं दर वेळी इंटरनेटवरून उतरवणं परवडत नाही, म्हणून एकदा उतरवलेलं संगणक जपून ठेवतो. तीच कॅश.

आपल्या भाषेत सांगायचं तर ही आगोटीची बेगमी. मे महिना सरता सरता कोकणातल्या घरात सुके बांगडे, सुकट, सोलं, मसाला, उकडे तांदूळ, लाकडं भरून ठेवतात. जून-जुलैत मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, तेव्हा घरातलंच काढायचं. कॅशचं कामही तेच. बाहेर मिळो न मिळो, घरात आहे.

पण बेगमी भरणाऱ्या घरात आणखी एक गोष्ट असते: यादी. काय, किती आणि कोणाकडून घ्यायचं याची. सॉफ्टवेअरमध्ये ही यादी म्हणजे लॉक फाईल. एनपीएम वापरणाऱ्यांची पॅकेज-लॉक, पीएचपीवाल्यांची कंपोजर-लॉक, फ्लटरवाल्यांची पबस्पेक-लॉक. तुमच्या मुख्य फाईलमध्ये बहुतेक वेळा ढोबळ मागणी असते: "४.२ किंवा त्याच मालिकेतलं नवीन चालेल." लॉक फाईलमध्ये ढोबळपणा नाही. तिथे प्रत्येक लायब्ररीची, तिच्या पोटातल्या लायब्ररीचीसुद्धा, नेमकी आवृत्ती लिहिलेली असते. काल ज्या मालावर तुमची साईट चालली, त्या मालाची ती पावती आहे म्हणा.

आता हे लक्षात ठेवा. बेगमी खराब झाली तर फेकता येते, कारण यादी हातात असली की तोच माल परत भरता येतो. यादीच फेकली, तर बाजारात आज जे आलंय ते घरात येतं.

आणि इंटरनेटवर सगळ्यात जास्त मिळणारा सल्ला कोणता? "नोड मॉड्यूल्स फोल्डर आणि पॅकेज-लॉक फाईल, दोन्ही डिलीट करा आणि परत इन्स्टॉल करा." यातला पहिला अर्धा भाग ठीक आहे. दुसरा अर्धा धोक्याचा.

का, ते एका खऱ्या घटनेवरून सांगतो. ८ सप्टेंबर २०२५ ला एनपीएमवर चॉक, डिबग अशा जगभर रोज वापरल्या जाणाऱ्या लायब्ऱ्यांच्या नव्या आवृत्त्या चढल्या. त्या सांभाळणाऱ्या माणसाला बनावट ईमेलने फसवून त्याचं खातं ताब्यात घेतलं गेलं होतं, आणि नव्या आवृत्त्यांत क्रिप्टो चलनाचे व्यवहार भलत्याच खात्याकडे वळवणारा कोड घातला होता. काही तासांत त्या आवृत्त्या काढल्या गेल्या. समजा, नेमक्या त्या तासांत दोन मुलांनी आपापलं नोड मॉड्यूल्स फोल्डर उडवलं. एकाने लॉक फाईल ठेवली आणि तिच्यावरूनच परत भरलं. त्याला आधीचीच आवृत्ती मिळाली. दुसऱ्याने लॉक फाईलही उडवली. त्याला एकदम ताजा माल मिळाला, विषासकट. दोघांच्या कष्टात फरक काहीच नाही. फरक एका फाईलचा.

कॅश हट्टी का होते?

आता मूळ तक्रारीकडे येऊ. "सर, कॅश साफ केली, तरी जुनंच दिसतंय." याचं पहिलं कारण म्हणजे कॅश एक नसते. सुकी मासळी थोडी डब्यात, थोडी माळ्यावर, थोडी पडवीत असते तसं हे आहे. तुम्ही डबा घासता आणि वास माळ्यावरून येत राहतो.

पहिली जागा प्रकल्पाच्या फोल्डरमधली. नोड मॉड्यूल्स किंवा पीएचपीचं व्हेंडर फोल्डर. दुसरी जागा तुमच्या युजर फोल्डरमध्ये लपलेली. एनपीएमची, ग्रेडलची, मेव्हनची, फ्लटरच्या पबची. ही सगळ्या प्रकल्पांना सामाईक असते. तिसरी जागा बिल्ड करणाऱ्या टूलची. नेक्स्ट, व्हीट, रिॲक्ट नेटिव्हचं मेट्रो, हे सगळे आपापला वेगळा साठा ठेवतात. चौथी सर्व्हरवर. नेटलिफाय आणि व्हर्सेलसारख्या होस्टिंगवर मागच्या बिल्डचा साठा पुढच्या बिल्डला वापरला जातो, आणि तो टाळून पुन्हा डिप्लॉय करायचा पर्याय तिथे वेगळा दिलेला असतो. पाचवी जागा गिऱ्हाइकाच्या मोबाईलमधला ब्राउझर. लॅपटॉप धुऊन पुसून लख्ख केला, तरी या शेवटच्या दोन जागांना त्याचा पत्ताही नसतो.

फ्लटरचं उदाहरण घ्या. "फ्लटर क्लीन" दिलं की बऱ्याच जणांना वाटतं, आता सगळं साफ. ती कमांड प्रकल्पातलं बिल्ड आणि डार्ट टूलचं फोल्डर काढते. उतरवलेल्या लायब्ऱ्यांचा पब-कॅश जागच्या जागी राहतो. त्यातली एखादी लायब्ररी बिघडली असेल तर "फ्लटर पब कॅश रिपेअर" लागतं. चुकीच्या खोलीत दहा वेळा झाडू मारून उपयोग काय?

दुसरं कारण: काही टूल "नाही" सुद्धा लक्षात ठेवतात. मेव्हनने एखादी लायब्ररी मागितली आणि "मिळाली नाही" असं उत्तर आलं, की ते उत्तरही तो जपून ठेवतो. तासाभराने ती लायब्ररी तिथे चढली तरी हा साधारण दिवसभर परत विचारायलाच जात नाही. तुम्ही इकडे केस उपटत बसता. उपाय एका अक्षराचा आहे: कमांडपुढे डॅश आणि मोठा यू. म्हणजे "परत एकदा विचारून ये." ग्रेडलचंही तसंच. ज्या आवृत्त्या बदलत्या म्हणून नोंदलेल्या असतात, त्यांचं उत्तर तो नेहमीच्या सेटिंगमध्ये २४ तास जपतो. "रिफ्रेश डिपेंडन्सीज" हा पर्याय दिला की तो पुन्हा तपासतो आणि जे खरंच बदललंय तेवढंच उतरवतो. म्हणजे अख्खं ग्रेडल फोल्डर उडवून काही जीबी परत आणायची गरज बहुतेक वेळा नसतेच.

तिसरं कारण अगदी साधं. मागे काहीतरी चालू असतं. विंडोजवर सर्व्हर किंवा एडिटर चालू असताना नोड मॉड्यूल्स काढायला गेलात की काही फाईली निघत नाहीत, अर्धं फोल्डर राहतं, आणि त्या अर्ध्यावर नवीन माल येऊन बसतो. आधी सगळं बंद करा, मग झाडू घ्या.

आणि गंमत बघा, जिला आपण सगळ्यात जास्त शिव्या घालतो ती एनपीएमची सामाईक कॅश सहसा दोषी नसते. २०१७ मध्ये एनपीएमची ५ वी आवृत्ती आली, तेव्हापासून तिथला प्रत्येक तुकडा वापरताना तपासला जातो आणि बिघडलेला निघाला तर परत उतरवला जातो. म्हणूनच "एनपीएम कॅश क्लीन" दिलं की तो सरळ नकार देतो आणि "फोर्स" मागतो. टूल स्वतःच सांगतंय की याची गरज नाही, "कॅश व्हेरिफाय" करून बघा. आपण मात्र ईर्ष्येने फोर्स लावतो.

हे आपल्याकडे जास्त महाग का पडतं?

पुण्यात फायबर असलेल्या फ्लॅटमध्ये "उडव आणि परत टाक" म्हणजे दहा मिनिटं. देवबाग किंवा आचऱ्याच्या घरात मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, दिवसाला दीड-दोन जीबीच्या प्लॅनवर, तीच गोष्ट अख्खी संध्याकाळ खाते. एका साध्या वेब प्रकल्पाच्या डिपेंडन्सी काही शे एमबी होतात. अँड्रॉइडचा प्रकल्प असेल तर ग्रेडलसकट गोष्ट जीबीत जाते. त्यात अर्ध्यावर लाईट गेली की ना जुनं ना नवं.

मे २०२१ मधलं तौक्ते वादळ आठवा. मालवण, देवगड, वेंगुर्ले पट्ट्यात कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती. अशा वेळी जनरेटरवर लॅपटॉप चार्ज करून काम करता येतं, पण ते कोणाला? ज्याची बेगमी घरात आहे त्याला. आदल्या दिवशी "जरा साफसफाई" केलेल्याला नाही. आपल्याकडे दरवर्षी पावसाळा असतो. त्यामुळे कॅश ही कोकणातल्या कामाची गरज आहे, असं मी धरून चालतो.

याहून मोठी अडचण म्हणजे काही माल परत मिळतच नाही. २२ मार्च २०१६ ला अझेर कोचुलू या प्रोग्रामरने नावाच्या एका वादातून आपल्या अडीचशेहून जास्त लायब्ऱ्या एनपीएमवरून काढून घेतल्या. त्यात लेफ्ट-पॅड नावाची फक्त ११ ओळींची एक होती. अकरा ओळी! पण हजारो प्रकल्प आडून आडून तिच्यावर उभे होते, आणि जगभर बिल्ड कोसळले. काही तासांत एनपीएमने ती परत आणली आणि पुढे लायब्ररी काढण्याचे नियम कडक केले. तेवढ्या वेळात रिकाम्या फोल्डरपासून बिल्ड करणारे अडकले होते.

अँड्रॉइडवाल्यांना जेसेंटर आठवत असेल. वर्षानुवर्षं नव्या अँड्रॉइड प्रकल्पात हे भांडार आपोआप जोडलेलं यायचं. २०२१ मध्ये जेफ्रॉग कंपनीने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्या जुन्या लायब्ऱ्या दुसऱ्या भांडारात हलवल्या गेल्या नाहीत, त्यांच्यावर उभं असलेलं ॲप आजही एखाद्याच्या लॅपटॉपवर छान बिल्ड होत असेल, कारण माल त्याच्या कॅशमध्ये आहे. त्याने एकदा फोल्डर उडवलं की संपलं. म्हणून पाच-सहा वर्षं जुन्या ॲपचं देखभालीचं काम घेतलंत, तर पहिल्या दिवशी साफसफाई नाही. पहिल्या दिवशी त्या ग्रेडल कॅशची कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर.

आणि तिसरा धोका, झाडूबरोबर सोनं जाण्याचा. "गिट क्लीन" ही कमांड एफ, डी आणि एक्स लावून दिली की गिटने दुर्लक्षित ठेवलेल्या फाईलीही जातात. त्यातच तुमची एन्व्ह फाईल असते, जिच्यात पेमेंटच्या, एसएमएसच्या चाव्या आहेत. "डॉकर कंपोज डाउन" ला व्ही जोडला की व्हॉल्यूम जातात, म्हणजे त्यात ठेवलेला डेटाबेसही. जुन्या अँड्रॉइड ॲपची सही करायची चावी त्याच फोल्डरमध्ये ठेवलेली असेल आणि ती गुगलकडे सांभाळायची सोय त्या ॲपला लावलेली नसेल, तर त्याच ॲपचं अपडेट पुन्हा देता येत नाही. यातली एकही गोष्ट कॅश नाही. पण "सगळं उडव" म्हणणाऱ्याला सगळंच कॅश दिसतं.

मग करायचं काय? हा क्रम पाळा

१. एरर पूर्ण वाचा. लाल अक्षरांची शेवटची ओळ वाचून गुगल करू नका, वरून वाचा. कुठल्या लायब्ररीचं नाव येतंय ते कागदावर लिहा. बऱ्याच वेळा तिथेच कळतं की दोष कॅशचा नाही, नोडची आवृत्ती बदललीय.

२. चालू असलेलं सगळं बंद करा. सर्व्हर, एडिटर, एम्युलेटर, ग्रेडलचा मागे चालणारा डीमन. मग परत चालवून बघा. काही हट्ट इथेच सुटतात.

३. लॉक फाईल गिटमध्ये आहे का ते बघा. नसेल तर आधी ती कमिट करा. एन्व्ह फाईल आणि सहीच्या चाव्या गिटमध्ये नाही, पण दुसऱ्या सुरक्षित जागी आहेत ना, तेही बघा. हे झाल्याशिवाय पुढच्या पायरीवर जायचं नाही.

४. फक्त प्रकल्पातला साठा काढा आणि यादीवरून भरा. एनपीएममध्ये यासाठी "एनपीएम सीआय" आहे. ती नोड मॉड्यूल्स स्वतः काढते आणि लॉक फाईलमध्ये आहे तेच, तसंच टाकते. यादी आणि मागणी जुळत नसेल तर थांबते आणि सांगते. शिवाय सामाईक कॅश शाबूत असल्यामुळे डेटा फार जात नाही. पीएचपीत "कंपोजर इन्स्टॉल" वापरा. "कंपोजर अपडेट" नको, ती यादीच बदलते.

५. बिल्ड टूलचा साठा काढा. मग होस्टिंगवर कॅशशिवाय डिप्लॉय करा.

६. सामाईक कॅशला सगळ्यात शेवटी हात लावा. तिथेही आधी तपासणी किंवा दुरुस्तीची कमांड, मग दोषी लायब्ररीचं तेवढंच फोल्डर, आणि अगदीच नाही जमलं तर सगळं. गिट क्लीन द्यायचंच असेल तर आधी एन लावून द्या. ती काय काय जाणार आहे याची नुसती यादी दाखवते, काढत काही नाही.

प्रत्येक पायरीनंतर चालवून बघा, आणि जिथे सुटलं ती पायरी वहीत लिहा. तारीख, प्रकल्प, काय काढल्यावर चाललं. तीन ओळी. पुढच्या वेळी हीच वही तुमचे दोन तास वाचवते.

कोणी म्हणेल, "एवढा क्रम पाळण्यापेक्षा सगळं उडवलं तर पटकन होतं की!" कधी कधी होतं, मान्य. पण मग का बिघडलं होतं ते कळलेलं नसतं, आणि न कळलेला बिघाड परत येतो. तो यायची वेळही आपण ठरवत नाही. म्हणून माझा नियम असा: पंधरा मिनिटं कारण शोधा, नाही सापडलं तर वरच्या क्रमाने एकेक काढत जा. संशोधन करत बसा असं मी म्हणत नाही. दुकान चालवायचंय.

कधी बिनधास्त उडवायची?

दुसरी बाजूही सांगायला हवी. तीन वेळा मी स्वतः सांगेन की उडवा. एक, तुमच्या यादीत विषारी आवृत्ती आली असेल तर. तेव्हा आधी लॉक फाईलमध्ये चांगली आवृत्ती नोंदवा, मग सगळ्या जागांची कॅश साफ करा आणि पेमेंटच्या चाव्या बदला. दोन, नोड किंवा फ्लटरची मोठी आवृत्ती बदलली असेल तर प्रकल्पातला साठा नव्याने भरा. तीन, डिस्क भरली असेल तर जुन्या, बंद पडलेल्या प्रकल्पांचे नोड मॉड्यूल्स खुशाल काढा. यादी जाग्यावर आहे ना, मग चिंता नाही.

लॉक फाईल काढावी लागते असा एक प्रसंगही आहे. एनपीएममध्ये वैकल्पिक डिपेंडन्सींचा एक जुना घोळ आहे. एका प्रकारच्या मशीनवर बनलेल्या लॉक फाईलमध्ये दुसऱ्या प्रकारच्या मशीनला लागणाऱ्या भागांची नोंद राहून जाते. तेव्हा रोलअपसारखं टूल स्वतःच सांगतं की दोन्ही काढून बघा. अशा वेळी काढा. पण जुनी लॉक फाईल गिटमध्ये असू द्या, नवी झाल्यावर काय काय बदललं ते बघा, आणि साईट नीट तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाकडे पाठवू नका.

आता धंद्याचं बोलू

जे ही सेवा विकणार आहेत त्यांनी हिशोब मांडून बघा. समजा एका होमस्टेच्या साईटची देखभाल तुम्ही महिन्याला ₹२,००० ला घेतली. डिसेंबरच्या सुट्ट्यांच्या तोंडावर एक छोटा बदल करायला गेलात, बिल्ड अडला, लॉक फाईल उडवली, दहा लायब्ऱ्या नव्या आल्या, त्यातल्या दोन जुन्या कोडशी पटेनात. दोन दिवस गेले. तिकडून काकांचा फोन: "साईट चलत नाय हा रे, पावणे फोन करतत." तुमचे ₹२,००० तर गेलेच, पण काकांच्या खोल्या ज्या भरणार होत्या त्या शेजारच्याकडे गेल्या. हा तोटा तुमच्या बिलात दिसत नाही. पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्याकडे गेलं की दिसतो.

म्हणून दोन सवयी लावा. पहिली, मी तिला रिकाम्या फोल्डरची परीक्षा म्हणतो. वर्षातून दोनदा, हंगामाच्या आधी, प्रत्येक गिऱ्हाइकाचा प्रकल्प एका नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये गिटवरून घ्या, फक्त लिहिलेल्या सूचना वाचून भरा, आणि साईट उभी राहते का बघा. आंब्याची साईट असेल तर जानेवारीत, पर्यटनाची असेल तर दिवाळीच्या महिनाभर आधी. उभी राहिली तर कॅश कधीही उडवा, कोणाच्या बापाची भीती नाही. नाही राहिली तर काय कमी आहे ते हंगामाच्या आधी कळलं.

दुसरी सवय आगोटीची. मे महिन्यात, चांगलं नेट असलेल्या जागी बसून, चालू प्रकल्पांचा माल भरून ठेवा. मेव्हनमध्ये "डिपेंडन्सी गो-ऑफलाइन", पायथॉनमध्ये "पिप डाउनलोड", एनपीएममध्ये एकदा "सीआय" चालवून कॅश भरलेली, ग्रेडलमध्ये एकदा पूर्ण बिल्ड. मग नेट बंद करून एनपीएम आणि ग्रेडल "ऑफलाइन" पर्याय लावून चालवा, म्हणजे खरंच भरलंय का ते कळेल. एक कॉपी हार्ड डिस्कवर. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आणि ज्यांनी साईट किंवा ॲप दुसऱ्याकडून बनवून घेतलंय, त्यांनी आपल्या डेव्हलपरला तीन प्रश्न विचारा. भांडायला नाही, गोडीत. "बाबा, आपला कोड आणि लॉक फाईल गिटवर माझ्या नावाच्या खात्यात आहे का?" "पेमेंटच्या चाव्या आणि ॲपच्या सहीची चावी तुझ्या लॅपटॉपशिवाय आणखी कुठे ठेवलीय?" "उद्या तुझा लॅपटॉप पाण्यात पडला, तर साईट परत उभी करायला किती वेळ लागेल?" तिसऱ्या प्रश्नाला तासांत उत्तर आलं तर माणूस कामाचा आहे, त्याला दोन पैसे जास्त द्या. "बघू, करू कायतरी" असं आलं, तर तुमचा व्यवसाय एका लॅपटॉपच्या कॅशवर उभा आहे हे समजून घ्या.

परगावचा डेव्हलपर मोठ्या पगाराच्या कंपनीत असतो. तिथे बिघडलं तर दुसरी टीम असते. इथे आपणच टीम, आपणच हेल्पलाइन, आणि गिऱ्हाईक रोज बाजारात भेटतं. म्हणून आपल्याला नीटनेटकेपणा जास्त लागतो, आणि खरं सांगू, तोच आपण विकू शकतो. "माझ्याकडे दिलेली साईट कुठल्याही मशीनवर तासाभरात परत उभी राहते," हे वाक्य खरेपणाने म्हणता येणारा मुलगा मालवणात बसून मुंबईचं काम घेऊ शकतो.

या आठवड्यात एकच काम करा. तुमचा सगळ्यात जुना, पैसे देणारा प्रकल्प निवडा आणि रिकाम्या फोल्डरची परीक्षा घ्या. घड्याळ लावा. किती वेळ लागला आणि कुठे अडलं, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दुरुस्ती पुढच्या आठवड्यात.